दोन बादल्यांची समिती

लिंबाजी सोनकांबळे आप्पासाहेब बालरुग्णालयाच्या फाटकावर पास तपासायचा. त्याच्या नजरेतून सुटून नियमाबाहेर चिलटही आत जात नसे. भेटीची वेळ चार ते पाच, एका लेकराला एक माणूस, हे वाक्य तो झोपेतही बडबडतो, असं त्याची बायको पंचफुला सांगे. मग मागच्या वर्षी त्याचीच सहा वर्षांची विशाखा टायफॉइडनं त्याच दवाखान्यात आठ दिवस पडली. पाच वाजले की पंचफुला बाहेर, आणि आत पोर "आई, आई" करत छत डोक्यावर घेई. लिंबाजीनं ते आठही दिवस फाटकावर उभं राहून ऐकलं. आपल्याच वाक्याचा त्याला पहिल्यांदा राग आला.

म्हणूनच, दवाखान्याचे मोठे डॉक्टर वीरभद्र यांनी 'दवाखाना घरासारखा करण्यासाठी' समिती काढली, आणि एक कर्मचारी व एक पालक स्वखुशीनं पुढे या म्हणाले, तेव्हा लिंबाजीनं दोन्ही हात वर केले.

"एकच हात वर करा, सोनकांबळे."

"एक नोकराचा हाय साहेब, एक बापाचा. दोन खुर्च्या लागनार न्हाईत, एकीतच भागतंय."

लातूर जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती. जिल्ह्याच्या पाट्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या जीपगाड्या आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. त्यात दुष्काळ. नळ दहा-दहा दिवस नुसता सूं-सूं करी. बालरुग्णालयाच्या बोअरला मात्र पाणी होतं. लिंबाजीनं सुचवलं, घरच्या माणसाला रात्रंदिवस खाटेजवळ राहू द्यावं, घरचं जेवण चालू द्यावं आणि मुक्कामी माणसाला रोज दोन बादल्या पाणी द्यावं.

"तीस तारखेपर्यंत बघू," डॉक्टर म्हणाले. "गोंधळ झाला तर पुन्हा चार ते पाच."

तीस तारखेलाच विशाखाच्या टॉन्सिलचं ऑपरेशन होतं. तिला घास गिळवत नव्हता. या वेळी आई उशाशी असेल, असा शब्द लिंबाजी पोरीला देऊन बसला होता.

पहिला आठवडा झकास गेला. लेकरं रडायची थांबली, आयांनी कुस्करलेली भाकरी खाऊन बाळसं धरू लागली. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र एकही लेकरू बरं होईना. औशाकडच्या साखराबाईंचा नातू मारोती तापानं आला होता, तो आता खाटेवरून खाटेवर उड्या मारत होता.

"आजी, ताप उतरून चार दिवस झाले. घरी न्या याला."

"उतरलेला ताप चढतोय की साहेब. गावात पानी न्हाई. तिथं चढला तर पट्टी कशात भिजवू?"

डॉक्टरांनी थर्मामीटर लावायला सांगितलं. पारा पार शेवटच्या रेघेला गेलेला. थर्मामीटर साखराबाईंच्या चहात बुडून आला होता, हे त्याला आलेल्या आल्याच्या वासावरून कळलं.

डॉक्टरांनी लिंबाजीला बोलावून घेतलं. "वीस खाटांवर वीस ठणठणीत पोरं! खरं आजारी मूल व्हरांड्यात झोपतंय. घरासारखं करा म्हणालो होतो, माहेर करा नव्हतो म्हणालो!"

लिंबाजीनं रात्रभर डोकं चालवलं आणि सकाळी तोड काढली. डिस्चार्ज घेणाऱ्याला जाताना चार बादल्या. दुपारपर्यंत एक मारोतीची खाट सोडून वॉर्ड रिकामा झाला. डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली, ती जरा घाईच झाली. दुसऱ्या दिवशी फाटकापासून पार कोपऱ्यापर्यंत रांग, आणि प्रत्येकीच्या कडेवर गुटगुटीत पोर.

"काय होतंय याला?"

"काही न्हाई साहेब. भरती करा अन् लगेच सोडा. घागरी आनल्याच हायत."

अठ्ठावीस तारखेला बोअरनं नुसती हवा सोडली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डॉक्टरांनी समिती बरखास्त केली, भेटीची वेळ चार ते पाच केली आणि परवाची ऑपरेशनं पुढे ढकलली, कारण हत्यारं उकळायला पाणी नव्हतं.

मारोतीचं बखोट धरून साखराबाई शेवटी बाहेर पडल्या, तेव्हा लिंबाजीनं त्यांच्याकडे पाससुद्धा मागितला नाही. त्या थबकल्या.

"काय रे, तोंड का पाडून बसलास?"

लिंबाजीनं सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याला रडू आलं.

"आमच्या बादल्यांनी तुझा बोअर आटला, अन् तू आमाला येका शब्दानं बोलला न्हाईस?"

"कोन्या तोंडानं बोलू, आजी? समिती माझीच."

तीस तारखेला सकाळी फाटकाशी पंधरा-वीस बाया आल्या, डोक्यावर घागरी घेऊन. साखराबाईंनी आपली घागर डॉक्टरांसमोर उतरवली.

"तुमचंच पानी हाय साहेब. उरलंसुरलं आनलं. उकळा हत्यारं."

डॉक्टरांनी घाईनं हात पुढे केला. साखराबाईंनी घागरीच्या तोंडावर तळवा ठेवला.

"आदी सांगा, आई लेकरापाशी ऱ्हाईल का?"

डॉक्टरांनी घागरीकडे पाहिलं. "राहील. पण एका मुलामागे एकच माणूस. आणि पाणी ज्याचं त्यानं घरून आणायचं."

"हाव. अन् फाटकावर आमी बसू पाळीपाळीनं. तुमच्या मानसाला आता कुनाला न्हाई म्हनता येत न्हाई."

ऑपरेशन नीट झालं. पंचफुला उशाशीच होती. पोरगी शुद्धीवर आली आहे आणि बाबाला विचारते आहे, असा निरोप आला, तसा लिंबाजी नाक्यावरून बर्फाचा गोळा घेऊन धावत सुटला. फाटकात त्याच्याच स्टुलावर साखराबाई बसल्या होत्या, काठी आडवी धरून, शेजारी मारोतीला घेऊन.

"पास?"

"आजी, मी लिंबाजी!"

"ओळखते की. एका लेकराला एक मानूस. आई आत हाय."

"अवं, मी समितीत हाय!"

"मंग तर तुला नियम पाठच असंल."

आतून विशाखाची बारीक हाक आली, "बाबा!" लिंबाजीच्या हातातला गोळा वितळून कोपरापर्यंत ओघळत होता. साखराबाईंनी तो काढून घेतला, मारोतीच्या हाती आत पाठवला आणि स्टुलावर जरा सरकून लिंबाजीला जागा करून दिली.

"बस. भेटायची येळ चार ते पाच."

लिंबाजीनं घड्याळात पाहिलं. साडेअकरा वाजले होते.