शिट्टीखालची खरखर

सासऱ्यांना कमी ऐकू येतं, असं लेकीचं मत होतं. घरातले सगळे पुटपुटतात, असं सासऱ्यांचं. शेवटी पन्नाशीला टेकलेला जावई कान तपासायचं यंत्र घेऊन आला. तो अशी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता आणि यातले आवाज त्यानेच तयार केले होते.

सासऱ्यांनी तणतणत हेडफोन चढवले. ऐकू आलं की बटण दाबायचं. जाड आवाज झाले, बारीक झाले, शेवटची अगदी वरच्या पट्टीतली शिट्टीही झाली. त्यांनी एकही आवाज सोडला नाही.

"वर्षभर मला बहिरा म्हणताय," ते लेकीवर उखडले. "आता तरी तोंड उघडून बोलायला शिका."

त्यांनी कानाच्या डॉक्टरांची वेळ रद्द केली आणि नातेवाइकांना फोन करून निकाल कळवला. पलीकडून काय उत्तर आलं ते मात्र त्यांना नीट कळलं नाही.

जावयाला चैन पडेना; सासऱ्यांच्या वयाला इतकी बारीक शिट्टी सहसा ऐकू येत नाही. त्याने तो आवाज संगणकावर उलगडून पाहिला. शिट्टीच्या खाली जाडसर खरखर होती. यंत्राची मेमरी वाचवायला त्याने आवाजाच्या लहरीचे फक्त चौसष्ट बिंदू साठवले होते. दोन बिंदूंमधली किंमत हवी असली की यंत्र जवळचा बिंदू उचलून मोकळं होत होतं, त्यातून ही खरखर. सासरे ऐकत होते ती हीच.

त्याने दोन हजार अठ्ठेचाळीस बिंदू साठवले, मधली किंमत दोन्ही शेजाऱ्यांवरून काढायची सोय केली आणि सासऱ्यांना पुन्हा बसवलं.

"सुरू करा की," शेवटच्या शिट्टीला सासरे म्हणाले.

"चालू आहे, बाबा."

"काय चालू आहे? माझा निकाल पचला नाही, म्हणून चांगलं यंत्र बिघडवलंत."

हे जावयाला झोंबलं. त्याने हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. काहीच नाही. आवाज वाढवला. काहीच नाही. मग हेडफोन काढून त्याने स्पीकर जोडला आणि आवाज पूर्ण सोडला. दोघं वाकून ऐकत राहिले.

"बंद पडलंय," सासरे समाधानाने म्हणाले.

जावई पेचकस घेऊन मागचं झाकण उघडणार, तोच बायको कानांवर हात ठेवून आतून आली.

"अरे, केव्हाची ती शिट्टी लावून ठेवलीय? डोकं उठलं माझं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जावयाने यंत्र बंद केलं.

"वायर ढिली आहे," तो बायकोला म्हणाला.

"मघापासून मी तेच सांगतोय," सासरे म्हणाले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला.