पुढच्या खोलीतली मोठी पार्टी

"हे गाव आता माणसांचं राहिलेलं नाही, गिऱ्हाइकांचं झालंय!" किनाऱ्याच्या कठड्यावर हात आपटत अण्णा म्हणाले. "आज आपल्याला आपल्या रस्त्यावरून चालता येत नाही, उद्या आपल्याच घरात शिरायची चोरी होईल. पण लक्षात ठेवा, त्या दिवशी हा माणूस गप्प बसणार नाही. हा माणूस..."

तेवढ्यात त्या माणसाच्या खिशातला फोन वाजला. पलीकडून सूनबाई कुजबुजत होती, "अण्णा, बाथरूम मोकळं झालंय. वरचे गेस्ट उठायच्या आत आंघोळ उरकून घ्या, नाहीतर मग दुपारीच नंबर लागेल."

अण्णांनी भाषण तिथंच सोडलं आणि चप्पल फटफटवत घर गाठलं. मंडळींपैकी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. कठड्यावर रोज सकाळी जमणाऱ्या प्रत्येकाचा आंघोळीचा नंबर असाच फोनवरून लागत असे. पर्यटकांच्या गाड्या दारात लागतात, नळाला पाणी येत नाही, वाळूत बाटल्या पडतात, भाजीवाली आपल्याला ओळखही दाखवत नाही, अशी तक्रारींची फेरी पुरी झाली की एकेक जण हळूच विचारी, "तुझ्याकडे शनिवारची खोली शिल्लक आहे का रे? माझ्याकडे दोन माणसं जास्त झालीत."

सीझन सुरू झाला की गावातली कुटुंबं आपापल्या घरात मागे मागे सरकत जात. चांगल्या खोल्या पाहुण्यांना, मग बरी खोली पाहुण्यांना आणि उरलं तर घरच्यांना. बंदर कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले अण्णा आणि त्यांची बायको माई असे सरकत सरकत अडगळीच्या खोलीत येऊन पोचले होते. तिथं जुने पंखे, तुटकी सायकल, पाण्याची पिंपं आणि हे दोघं, अशी सगळी बाद झालेली मंडळी एका ठिकाणी होती.

घराचा कारभार चिरंजीवांकडे होता. छप्पर त्यांनी नव्यानं घातलं, वरचा मजला त्यांनी चढवला, तेव्हापासून घरात शब्दही त्यांचाच चाले. चिरंजीव तसे वाईट नव्हते. अण्णांना रोज विचारायचे, "अण्णा, काही हवं नको?" फक्त उत्तर ऐकायला थांबत नसत.

त्या दिवशी अण्णा आंघोळ करून बाहेर आले तोच लेकीचा फोन आला. ती चिरंजीवांपेक्षा मोठी, लग्न होऊन दूरच्या शहरात गेलेली. गेले काही सीझन ती येते म्हणाली की इकडून "आत्ता नको गं, घर फुल्ल आहे" असं उत्तर जायचं. मग तिनं विचारणंच सोडून दिलं होतं.

"अण्णा, शुक्रवारी येऊ का? मला एवढीच रजा मिळतेय. ह्यांना यायला जमणार नाही, मी एकटीच आहे. जागा नसेल तर राहू दे, मला सवय झालीय."

ते 'सवय झालीय' अण्णांच्या वर्मी लागलं. "जागा नसेल म्हणजे? बापाचं घर आहे तुझ्या! पुढची खोली तुझी. खिडकीतून समुद्र बघत लोळायचं, दुसरं काही करायचं नाही. कोण नाही म्हणतो ते मी बघतोच!"

नाही म्हणणारा अंगणात चादरी वाळत घालत होता.

"पुढची खोली?" चिरंजीव तोंडातला चिमटा काढत म्हणाले. "अण्णा, भर सीझन आहे. सीझनमध्ये कुणी माहेरी येतं का?"

"मग कधी यायचं तिनं?"

"पावसाळ्यात येऊ दे ना. अख्खं घर रिकामं असतं. पाहिजे तर एकेका रात्री एकेका खोलीत झोप म्हणावं."

"पावसाळ्यात तिला रजा नसते."

"आणि मला सीझनमध्ये खोली नसते. बाकी काही हवं नको?" असं विचारून चिरंजीव दुसरी बादली उचलून गेलेसुद्धा.

अण्णा तडक कठड्यावर आले. तिथं अजून औषधवाला बसला होता. दुकान मुलाच्या ताब्यात दिल्यापासून फोनमधल्या सगळ्या गोष्टी येणारा म्हणून मंडळीत त्याचा भाव होता. त्यानं सगळं ऐकलं आणि फोन पुढे धरला.

"ही बघ तुझी पुढची खोली. शुक्रवारपासून मोकळी दिसतेय. घेऊन टाक."

"घेऊन टाक म्हणजे?"

"म्हणजे बुक कर. गिऱ्हाइकाला तुझा मुलगा नाही म्हणत नाही ना? मग हो गिऱ्हाईक. माझ्या जावयाच्या नावावर टाकू. पैसे तू मला दे."

"स्वतःच्या घरात भाड्यानं राहू?"

"दुसऱ्या कुणाच्या घरात मिळेल असं वाटतंय का तुला, या दिवसांत?"

अण्णांनी पाकीट काढलं. अण्णांच्या पेन्शनमधले पैसे औषधवाल्याच्या खिशात गेले आणि पुढची खोली औषधवाल्याच्या जावयाची झाली. लेकीला यातलं काही सांगायचं नाही, असं अण्णांनी ठरवलं. बापाला आपल्याच घरातली खोली विकत घ्यावी लागली हे मुलीला कळण्यापेक्षा समुद्र आटलेला बरा. माईला मात्र रात्री सांगावंच लागलं.

"अहो, पण चिरंजीवाला कळल्यावर?"

"शुक्रवारी ती दारात आली की कळेल. तोपर्यंत पैसे पोचलेले असतील. पैसे पोचलेल्या माणसाला तो हाकलत नाही."

"आणि आपण तिच्या खोलीत झोपायचं?"

"तिला निवांत झोपू दे. आपली आहे की अडगळ."

इथवर सगळं ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी चिरंजीव नाश्त्याच्या वेळी हवेतच आले.

"पुढची खोली गेली! सलग चार दिवस. घासाघीस नाही, एक्स्ट्रा गादी फुकट द्या नाही, कुत्रं चालेल का नाही, काही नाही. अशी पार्टी आपल्याकडे आजवर आलेली नाही. मोठी पार्टी आहे, मोठी! कंपनीतला वगैरे साहेब असणार."

अण्णांनी चहात बुडवलेला टोस्ट चहातच सोडून दिला.

साहेब येणार म्हटल्यावर चिरंजीवांच्या अंगात आलं. खोलीला नवा रंग लागला. खिडकीशी अण्णांची आरामखुर्ची होती. निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या लोकांनी दिलेली. अडगळीत मावत नव्हती म्हणून तेवढी एक पुढं राहून गेली होती.

"अण्णा, ही उचला बरं. साहेबाला असली पोक आलेली खुर्ची दिसली तर काय म्हणेल?"

"काही म्हणणार नाही तो."

"तुम्हाला काय माहीत?"

अण्णांना सगळंच माहीत होतं, पण बोलायची सोय नव्हती. त्यांनी स्वतःची खुर्ची स्वतःच उचलली. संध्याकाळी भंगारवाला तिला हातगाडीवर उलटी घालून घेऊन गेला. तिचे चारही पाय वर होते, आणि समुद्राकडं बघत बघतच ती वळणावर दिसेनाशी झाली.

पुढचे दोन दिवस अण्णांना साहेबाशी कसं वागायचं याचं शिक्षण मिळालं. "साहेबासमोर बनियनवर यायचं नाही. सकाळी घसा खाकरायचा नाही. आणि कठड्यावरचं ते भाषण तर अजिबात नको. विचारलं तर म्हणायचं, आपलं गाव पर्यटकांवर फार प्रेम करतं. म्हणून दाखवा बरं."

"आपलं गाव पर्यटकांवर फार प्रेम करतं," अण्णा म्हणाले.

"जरा हसून."

अण्णा हसले. माई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली.

इकडं एक गोष्ट अण्णांना ठाऊक नव्हती. चिरंजीवांनी बहिणीला परस्पर फोन करून टाकला होता. "ताई, अण्णा भावनेच्या भरात बोलून बसले गं. पुढची खोली गेली. एकच पार्टी आहे, चारही दिवस. त्यांना तू काही बोलू नकोस, उगीच बीपी वाढतं." ताई "बरं" म्हणाली. ती असं "बरं" म्हणायची, तेव्हा लहानपणी चिरंजीव दोन दिवस तिच्या आसपास फिरकत नसत. पण आता ते व्यवसायात मुरले होते.

आणि पुढची खोली एवढ्या सहज गेली म्हटल्यावर चिरंजीवांची नजर घरभर फिरून अडगळीवर येऊन थांबली. सायकल हलली, पिंपं हलली, पलंगावर फुलाफुलांची चादर आली आणि फोनमध्ये त्या खोलीचं नाव 'निवांत' असं पडलं. तासाभरात निवांत खोलीही गेली. शुक्रवारपासूनच.

"नशीबच उघडलं!" चिरंजीव म्हणाले. "कुठल्यातरी ऑफिसच्या खात्यावरून बुकिंग आलंय. फोटोवरूनच पसंत पडली म्हणे. अण्णा, चादर चुरगळायला नको, तेव्हा आजपासूनच तुम्ही आणि माई मागच्या पडवीत. पंपाशेजारी जागा आहे. वारा मस्त येतो."

"पंप सुरू झाला की?"

"मग येत नाही."

रात्री पडवीत पडल्या पडल्या माई म्हणाली, "अहो, यानंतर आपल्याला मागं सरकायला फक्त विहीर उरलीय."

"शुक्रवारपर्यंत काढू कसंतरी," अण्णा म्हणाले. "एकदा पोरगी खिडकीत बसलेली बघितली की संपलं."

शुक्रवारी दुपारी चिरंजीव इस्त्रीचा शर्ट घालून, सरबताचे दोन ग्लास ट्रेमध्ये घेऊन फाटकाशी उभे राहिले. एक मोठ्या पार्टीसाठी, एक निवांत खोलीसाठी. अण्णा बनियन घालून पडवीच्या दाराआड दबा धरून बसले. टॅक्सी थांबली. आतून ताई एकटीच उतरली. हातात बॅग होती.

"ताई? अगं, तुला सांगितलं होतं ना मी—"

"जागा नाही म्हणून. ऐकलं मी." ताईनं फोन भावाच्या नाकासमोर धरला. "निवांत खोली. ह्यांच्या ऑफिसच्या खात्यावरून घेतलीय. पैसे भरलेत, पावती आलीय. आता म्हण, घर फुल्ल आहे."

चिरंजीवांच्या हातातला ट्रे थोडा कलला. अण्णा बनियनवरच धावत आले.

"अगं, तू ती खोली कशाला घेतलीस? तुझ्यासाठी पुढची घेतलीय ना मी!"

"घेतलीय म्हणजे?" हा प्रश्न बहीण आणि भाऊ दोघांनी एकदम विचारला.

अण्णांच्या लक्षात आलं की आता लपवण्यात अर्थ नाही. "ती मोठी पार्टी म्हणजे मी," ते बनियन खाली ओढत म्हणाले.

रस्त्यावरून दोन पर्यटक आइस्क्रीम खात गेले. त्यातला एक म्हणाला, "काय मस्त घर आहे," आणि कागद अंगणात टाकून पुढं गेला.

ताई बॅग घेऊन आपल्या बुक केलेल्या खोलीत गेली. फुलाफुलांची चादर, पुसलेली फरशी, कोपऱ्यात सुगंधी उदबत्ती. पण फळीवरच्या वस्तू आवरायला चिरंजीव विसरले होते. तिथं माईची गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली होती आणि शेजारी अण्णांची कवळी ठेवायची वाटी.

"इथं कोण झोपतं?" ताईनं विचारलं.

"सीझनला आम्ही," माई म्हणाली.

"आणि आज?"

माईनं नुसतं मागं बघितलं. पडवीत पंपाला टेकून दोन वळकट्या उभ्या होत्या. ताई पलंगाच्या कडेवर बसली. तिनं ती तेलाची बाटली उचलली, पुन्हा ठेवली.

"म्हणजे मी तुम्हाला पैसे देऊन बाहेर काढलं."

"छे गं," अण्णा म्हणाले. "आधी मी तुला काढलं. मी पुढची खोली अडवली नसती तर याला ती गेली असं सांगता आलं नसतं."

"घ्या," माई म्हणाली, "बापलेकीनं आपल्याच घराचं भाडं भरलं आणि वळकट्या पंपापाशी." तिला हसू फुटलं. पण ते फार वेळ टिकलं नाही. मग ती पदरानं डोळे पुसायला लागली आणि लेकीनं तिचा हात धरला.

चिरंजीव दारात उभे होते. ट्रे अजून हातातच होता. सरबतातला बर्फ केव्हाच विरघळून गेला होता. त्यांनी वळकट्यांकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, बहिणीकडं बघायचं टाळलं. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी घसा खाकरला. अण्णांनी इतक्या वर्षांत मुलाला असं बघितलं नव्हतं. ते आतून पार विरघळले. कसाही असला तरी आपलाच आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बोल रे. मनात ठेवू नकोस. आम्ही काय परके आहोत?"

"तसं नाही अण्णा," चिरंजीव खाली मान घालून म्हणाले. "पण आता दोन्ही बुकिंगं झालीच आहेत, तर जाताना तेवढे पाच स्टार द्याल का? आणि ताई, तू तुझ्या फोनवरून वेगळे दे."