ताकद वाचवणारे बाळूभावजी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वाकडं आहे, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण आमचे शेजारी बाळूभावजी अंगणात पाटावर पालथे पडून पोहायचे, हे कुणीतरी लिहून ठेवायलाच हवं.

पाण्याचा थेंब नाही. पोटाखाली पाट, समोर भिंतीला टेकवलेला आरसा आणि हात गरागरा. "कोपर वर, कोपर वर," असं स्वतःलाच दटावायचे. शिरोली एमआयडीसीत लेथवर काम करणारा, पन्नाशीला टेकलेला माणूस. लग्न केलं नाही, आई गेल्यापासून घरात एकटेच. त्यांना ट्रायथलॉनचं खूळ लागलं होतं. म्हणजे आधी तलावात पोहायचं, ओल्या अंगानं सायकल मारायची, मग ती टाकून पळायचं, आणि हे सगळं एकाच दिवसात. कशासाठी, ते विचारायचं नाही.

"ताकद समद्यांकडं असती वहिनी," ते म्हणायचे. "ती वाचवायची कशी, त्याला टेक्निक लागतंय."

वाचवण्यापायी त्यांनी सायकलची घंटी, मडगार्ड, स्टँड सगळं काढून टाकलं. सायकल हलकी झाली. तिच्यावर बसणारं पोट होतं तेवढंच राहिलं. स्टँड नाही म्हणून ती आमच्या भिंतीला टेकायची आणि भिंतीचे पोपडे मी झाडायची.

मी धुणं धुवायला बसले की भावजींचं सुरू. "तुम्ही खांद्यानं धुतायसा. कंबर फिरवा, खांदा दमत न्हाय." स्वतःचा बनियन आठवडाभर दोरीवर तसाच. या, फिरवून दाखवा, असं अगदी तोंडावर यायचं. पण मी बोलणारी नव्हे. मान खाली घालून खांद्यानंच धुवायची.

शेवटी शर्यत ठरली, शहराबाहेरच्या तलावावर. संध्याकाळचा भोंगा वाजायच्या आत पोचेल त्यालाच मेडल. त्या मेडलसाठी भावजींनी नात्यातली लग्नंसुद्धा चुकवली होती. आठवडाभर आधी ते दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, शेवटच्या वळणाला लिंबूपाण्याची बाटली घेऊन उभ्या ऱ्हावा की. बाटली उचलाय माझं वाकायचं वाचतंय."

"जा बाई," आमचे हे म्हणाले, "माणसाचं वाकणं वाचव."

आदल्या दिवशी पोटभर खा, असं भावजींना कुणा शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं. त्याच्या मनात भात-बटाटा असणार. पण कोल्हापुरात पोटभर खा म्हटल्यावर माणूस बटाट्याकडं बघेल का? भावजींनी मटण आणलं, तांबडा रस्सा केला, पांढराही केला. वाटीभर आमच्याकडं आला. बाकीचा एकट्यानं ओरपला. सकाळी ह्यांनी त्यांना तलावावर सोडलं, तर पाण्यात उतरायच्या आधी ते टेक्निकसकट झुडपामागं पळाले.

दुपारी हे मला वळणावर सोडून कामावर गेले. बघते तर तिथं टेबलं मांडलेली. पाणी, सरबत, केळी. पोरीबाळी पळणाऱ्याच्या हातात ग्लास देत होत्या. वाकायची पाळी कुणावरच येत नव्हती. प्रत्येकाची बायको, आई, पोरं नाव घेऊन हाका मारत होती. मी पदराआड बाटली धरून बावळटासारखी उभी. आधी राग आला. मग तो गेला.

भावजी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. पाय फरफटत होते. टेबलावरची मुलगी ग्लास घेऊन पुढं झाली, तिला हातानंच नको म्हणाले आणि माझ्यापुढं थांबले.

"पळा की भावजी. वेळ संपत आली."

"संपू दे. कवापास्नं उभ्या हाईसा?"

बाटली उघडून त्यांनी एकेक घोट घेतला, सावकाश, पार तळापर्यंत. तेवढ्यात शर्यत संपते तिथल्या मांडवातून भोंगा वाजला.

"वाजला," मी म्हणाले.

"व्हय. लिंबू झकास पडलंय."

उरलेली वाट आम्ही चालत गेलो. मांडवात खुर्च्या उचलायला लागले होते. भोंग्यानंतर मेडल नाही, असं एकानं सांगितलं. भावजींनी ते ऐकून घेतलं आणि खुर्चीवाल्याकडं वळले.

"पावणं, एक ऱ्हाऊ द्या. आमच्या वहिनी दुपारपास्नं उभ्या हायत."