किती बैल?

इथं आखातात, आमच्या अल नहदाच्या इमारतीत कुणाचा नवा सोफा आला, की आठव्या मजल्यावरचे सामंत लिफ्टपाशी हमखास विचारतात, "किती बैल?"

दीडशे वर्षांपूर्वी तटबंदी फोडणाऱ्या अवजड तोफा बैल ओढत. हत्ती ताकदवान, पण गोळे पडू लागले की बिथरत. म्हणून शेवटची मजल बैलांची. नोकरी एसीच्या कंपनीत असली, तरी सामंतांचं वेड वेढ्याच्या तोफांचं. आमचा टॉवर न्याहाळून ते वॉचमनला म्हणाले होते, "दो दिन टिकेगा. इन्शाल्ला." त्यानं त्यांना सलाम करणं सोडलं.

कुठलं वजन ओढायला किती बैल, असली गणितं ते वहीत मांडतात आणि मी तपासतो. चुकीचा आकडा मला सोसत नाही. बरोबर असेल तरच खाली सही करतो.

एकदा बाल्कनीतून आतषबाजी बघताना ते म्हणाले, "केळकर, उजेड दिसला की मोजा. आवाजाला तीन सेकंद लागले, तर एक किलोमीटर. शत्रूची तोफ किती लांब, हे जुने गोलंदाज असंच ओळखत." दुसऱ्या दिवशी मी गाडीच्या मीटरवर अंतर पडताळलं. बरोबर होतं. सही केली.

मग त्यांची मुलगी सई ज्या परदेशी शहरात डॉक्टरकी शिकते, त्यालाच वेढा पडला. तिला बाहेर काढणारी बस रोज 'उद्या' असते. सामंतांचे बैल थांबले. आता संध्याकाळी व्हिडिओ कॉल. वसतिगृहाच्या खोलीत पलंगाआड बसून सई सेकंद मोजते, सामंत वहीत किलोमीटर लिहितात, आणि स्वयंपाकघरातून वहिनी विचारतात, "किती?"

काल मी तिथंच होतो. सईच्या गालावर उजेड पडला. सवयीनं मी मोजू लागलो. एक, दोन, तीन. धडाका झाला, तिच्या हातातला फोन हादरला.

"ट्वेल्व्ह, बाबा," सई म्हणाली. जरा मोठ्यानं, स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं. "व्हेरी फार."

सामंतांच्या डाव्या हाताची तीन बोटं मिटलेली होती. चौथं उघडंच राहिलं.

"खलास, बाळा. आजचं मोजणं पुरे," ते हळूच म्हणाले. "तळघरात जा. यल्ला, लवकर."

फोन बंद झाला. त्यांनी वहीत लिहिलं, बारा सेकंद, चार किलोमीटर. वही माझ्याकडे सरकवली.

"किती हो?" वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. हाताला कणीक.

"चार किलोमीटर. केळकर तपासतायत."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या.

मी सही केली.