मुख्य अर्जदाराचा नवरा

आमच्या शेजारचे आप्पा देशांना ‘पावणं’ म्हणतात. सकाळी दूध आणायला मी बाहेर पडलो की कुंपणापलीकडून, निम्म्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, “मास्तर, जर्मनीच्या पावण्यांचं काय झालं?”

यात त्यांचा दोष नाही. आप्पांनी आयुष्यभर हौसेनं सोयरिकी जमवल्या. गडमुडशिंगीपासून मलकापूरपर्यंत त्यांनी जुळवलेली जोडपी नांदताहेत, काही तर सुखानं. मी आणि माझी बायको मनीषा परदेशी जायच्या विचारात आहोत हे कळल्यावर त्यांनी ते काम आपण होऊन अंगावर घेतलं. एजंट नको म्हणाले. “व्हिसा म्हंजे काय हो? परक्याच्या घरात नांदायला जायचं. त्येला आधी स्थळ नीट बघायला लागतंय.”

आणि त्यांनी ती बघितली. जर्मनी : “घर खानदानी हाय, पण लगीन ठरायच्या आधी पोरीनं त्यांची भाषा शिकायची म्हणत्यात. लई ताठा.” ऑस्ट्रेलियात वय, शिक्षण, अनुभव यांचे गुण मोजतात हे मी समजावून सांगितलं, तर म्हणाले, “म्हंजे पत्रिका बघणारी माणसं. बघू की.” आखातातून मनीषाला बोलावणं होतं, पण एकटीला. “न्हाय जमायचं. जोडा फोडणारं स्थळ मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाय.”

खरी अडचण देशांची नव्हती, माझी होती. मनीषा नर्स आहे, अतिदक्षता विभागात मुरलेली. मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. नर्सचा तुटवडा सगळ्या जगाला आहे. इतिहासाच्या मास्तरांचा तुटवडा पडलेला देश अजून वसायचा आहे. ऑस्ट्रेलियाचे गुण मोजताना मी माझं वय पुन्हा एकदा तपासून पाहिलं. ते कमी झालं नाही.

सरळ वाट एकच होती. इंग्लंडमधल्या इस्पितळात मनीषानं नोकरी घ्यायची. ती मुख्य अर्जदार आणि मी तिचा डिपेंडंट. हा शब्द मी मराठीत करून पाहिला. ‘अवलंबित’ बरा वाटला. त्याला काहीतरी संस्कृत वजन होतं. आप्पांनी मात्र एका दमात कोल्हापुरी अनुवाद केला, “म्हंजे घरजावई की!” आणि ते मनसोक्त हसले.

त्यानंतर मी काही दिवस स्वाभिमानानं वागलो. आधी मीच विद्यार्थी म्हणून जाईन, व्यवस्थापन शिकेन, मनीषा माझ्यामागून येईल, असा बेत मांडला. तर तिथल्या नियमांप्रमाणे असल्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला बायको सोबत नेता येत नव्हती. मनीषा एवढंच म्हणाली, “अहो, या वयात तुम्ही हॉस्टेलवर राहणार?”

तिची मुलाखत लॅपटॉपवर झाली. आप्पा इस्त्रीचा कोट घालून हजर. “पसंतीला पोरीकडचं मोठं माणूस नको व्हय?” त्यांनी लॅपटॉपसमोर पोह्यांची बशीही मांडायला लावली होती, ती मी शिताफीनं बाजूला ओढली. मुलाखत उत्तम झाली. शेवटी पलीकडच्या बाईंनी विचारलं, तुमचे काही प्रश्न? हा प्रश्न मुलीकडच्यांना आहे असं समजून आप्पा खुर्चीसकट कॅमेऱ्यासमोर सरकले.

“त्यांना इचार, सणासुदीला पोरीला धाडता का?”

मनीषाचा चेहरा लाल झाला, पण तिनं विचारलं : रजा किती असते? बाई हसल्या आणि सविस्तर सांगू लागल्या. आप्पांना त्यातलं काही कळलं नाही. ते बाईंचा चेहरा तेवढा बघत राहिले. नंतर म्हणाले, “बाई समजूतदार हाय. स्थळ पसंत.”

इस्पितळाचा होकार आला. आता आमचा होकार हवा होता, तोही आठवडा संपायच्या आत, नाहीतर जागा दुसरीला. मनीषा माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी म्हणत होतो, “ऑस्ट्रेलियाचं पण एकदा बघू या ना.” शेवटी तिनं विचारायचंच सोडून दिलं. आमच्या घरात ही गंभीर खूण असते.

मी आप्पांकडे गेलो. सल्ला मला नको होता, माझ्या बाजूनं एक मत हवं होतं. आणि घरजावई या शब्दाला एवढं हसणारा माणूस दुसऱ्या बाजूचं कशाला बोलेल? ते सोप्यात मेथी निवडत बसले होते. त्यांची बायको, आक्का, गेल्यापासून स्वयंपाक तेच करतात.

“आप्पा, माणसानं घरजावई होऊन जावं का हो?”

मी गर्जनेची वाट बघितली. ती आली नाही.

“हे घर कुणाचं हाय, मास्तर?”

“तुमचं.”

“आक्काच्या वडलांचं. आमचं शाहूवाडीकडं. ती हितल्या शाळंत बाई हुती, तिकडं बदली मिळंना. मग मीच आलतो.” त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. “कुणी इचारलं की सांगायचो, धंद्यासाठी आलोय. कसला धंदा! शाळेपतोर तिच्यासंगट कधी चाललो न्हाय. लोक म्हणतील, बायकोमागं आलाय. आता, आलतोच की बायकोमागं!”

मी मेथीची एक काडी उचलून निवडू लागलो.

“आज सांगायला लाज वाटत न्हाय, तर ऐकायला ती न्हाय. तुमी जावा, मास्तर. आणि तिच्या बरूबर चाला.”

घरी येऊन मी मनीषाला म्हटलं, “कळव होकार. नवरा डिपेंडंट म्हणून येतोय, असं ठळक लिही.” तिनं माझ्याकडे बराच वेळ संशयानं पाहिलं. मग लॅपटॉप उघडला.

दूध घेताना कुणीतरी विचारलं, “सर, तिकडं तुम्हाला नोकरी लागली म्हणं?” मी म्हटलं, “नाही, बायकोला. मी तिच्याबरोबर चाललोय.” आवाज जरा मोठाच झाला. आभाळ कोसळलं नाही. त्या गृहस्थानं फक्त दुधाची पिशवी गळते का ते बघितलं.

सामान बांधायला लागलो त्या दिवशी आप्पा कुंपणाशी येऊन उभे राहिले. आमच्या भाड्याच्या घराकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

“हितं आता कोण येणार हाय, कळलं का?”

“घरमालकांचं अजून काही ठरलेलं नाही.”

“लवकर ठरवा म्हणावं,” आप्पा म्हणाले. “कुणीबी चालंल. मी काय, कुणाशीबी बोलतो की.”