भागूबाईचे काटे आणि माझी तीन मिनिटं

एका जंगलात एक घाबरट ससा राहत होता, अशी सुरुवात करायचा माझा विचार होता. पण तुम्ही आजकालची पोरं महाबिलंदर. लगेच विचारणार, "आजोबा, तो ससा म्हणजे तुम्हीच ना?" तेव्हा आधीच सांगून टाकतो. हो, मीच. आता चुळबुळ बंद करा आणि ऐका.

तर मुलांनो, मी नुसता ससा नव्हतो. मी सभासद होतो! ओढ्यापलीकडच्या प्राण्यांनी मला निवडून दिलं होतं, कारण दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं. भाषणाची मला भारी हौस. ओढ्याच्या पाण्यात स्वतःकडे बघत मी तासन्‌तास भाषणं ठोकायचो. बेडकांनी तो ओढा सोडला, त्याची कारणं वेगळी असतील, असं मी समजत होतो.

जंगलाची सभा मोठ्या वडाखाली भरायची. अध्यक्ष होते कासव. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. वेळ संपली की सुतारपक्षी खोडावर टकटक करायचा.

आणि एक पद्धत होती. उभं राहिलं की आधी आभार मानायचे. अध्यक्षांचे, महाराजांचे, मंत्र्यांचे, पक्षनेत्यांचे. ज्याचे राहिले तो वर्षभर तोंड फिरवून बसायचा. म्हणून यादी वाढतच गेली. ही पद्धत कुणी पाडली देव जाणे, पण ती पाळण्यात माझा हात कुणी धरत नसे.

आमचे गृहमंत्री होते तरस. त्यांनी एक कायदा आणला होता. गुन्हा केलेल्याला धरायला जुना कायदा होताच. हा नवा कायदा ज्याने अजून गुन्हा केला नाही त्याच्यासाठी होता.

"गुन्हा झाल्यावर धरण्यात काय हशील?" तरसांनी विचारलं. "आधीच धरलं की गुन्हाच होत नाही. साधा हिशेब आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. माझे कान लांब, त्यामुळे माझी जरा जास्तच डोललेली दिसली.

या कायद्याखाली संशयिताला एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत कोंडून ठेवता येत होतं. विचारणा नाही, सुनावणी नाही. आणि पहिल्याच आठवड्यात रानकुत्र्यांच्या पोलिसांनी कुणाला धरलं असेल? कुणा लांडग्याला? छे! आमच्या ओढ्यापलीकडच्या भागूबाई सायाळीला.

भागूबाई म्हणजे अगदी गरीब बाई. मुळं उकरावीत, पिल्लांना घालावीत, बिळात जाऊन झोपावं. तिला दोन पिल्लं होती. त्यांच्या अंगावरचे काटे नुकतेच कडक होऊ लागले होते. त्या संध्याकाळी ती कंद शोधत रस्त्याने चालली होती, एवढाच तिचा अपराध.

आरोप होता, हत्यारं बाळगणे. किती हत्यारं, ते मोजायला हवालदाराने हात लावला आणि त्याचा पंजा रक्ताळला. झालं! सरकारी नोकरावर हल्ला, हे दुसरं कलम लागलं.

मी तिला भेटायला कोठडीत गेलो. सभासद म्हणून जावंच लागतं. जाताना चेहरा गंभीर केला होता.

"भाऊ," भागूबाई म्हणाली, "पिल्लं कशी आहेत?"

"मुंगूसकाकू बघतायत. खातायत बरी."

"रडतात का?"

"थोडी," मी म्हणालो. खरं तर फार रडत होती.

ती दाराशी सरकली. मग म्हणाली, "तुम्ही त्या वडाखाली बोलता ना? मग तिथे एवढं सांगा, हे काटे माझ्या अंगाचेच आहेत. जन्मापासूनचे. मी कुठून आणले नाहीत. बस, बाकी काही नको."

मुलांनो, मला भरून आलं. मी म्हणालो, "भागूताई, सांगतो म्हणजे सांगतो! दुरुस्तीच मांडतो."

आणि खरोखर लिहिली हो मी दुरुस्ती! 'अंगावर जन्मतः असलेला कोणताही अवयव हत्यार समजू नये.' एकच ओळ. ती मंजूर झाली असती तर भागूबाई त्याच दिवशी सुटली असती. आणि ती मंजूर होणारही होती. रानडुकरांचे सुळे होते, बैलांची, म्हणजे गव्यांची, शिंगं होती. सगळे आतून धास्तावलेले. "तू मांड फक्त," ते मला म्हणाले, "आम्ही 'होय' म्हणतो." स्वतः मांडायची त्यांची छाती नव्हती. माझीही नव्हती, पण मी कबूल करून बसलो होतो.

नियम असा होता, की दुरुस्ती नुसती लिहून चालत नाही. सभासदाने उभं राहून ती तोंडाने वाचावी लागते. वाचली नाही, तर ती नव्हतीच.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सभा भरली. तरसांनी नवं विधेयक मांडलं. आता एका पौर्णिमेऐवजी सहा पौर्णिमा कोंडून ठेवायचं, आधी धरलेल्यांनाही. "एका महिन्यात संशय नीट मुरत नाही," ते म्हणाले. त्यात एक दयेचं कलमही होतं. संशयिताने आपली हत्यारं आपण होऊन जमा केली, तर त्याला लगेच सोडावं.

मग कासव म्हणाले, "ओढ्यापलीकडचे सन्माननीय सभासद. तीन मिनिटं."

मी उठलो. कागद पंजात होता. समोर एवढी मोठी सभा, झाडून सगळे माझ्याकडे बघतायत. काय सांगू तुम्हाला, अंगावर मूठभर मांस चढलं!

"सर्वप्रथम," मी म्हणालो, "मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी अध्यक्षमहाराजांचा अत्यंत आभारी आहे. त्यांच्या पाठीसारखंच भक्कम त्यांचं नेतृत्व आहे."

बाकं वाजली. म्हणून मी ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलं.

मग महाराजांचे आभार मानले. ते सभेत नव्हते, त्यामुळे जरा मोठ्याने मानले. मग गृहमंत्र्यांचे. त्यांच्या हसण्याने जंगलाचं वातावरण कसं प्रसन्न राहतं, ते सांगितलं. मग वडाचे, सावलीबद्दल. उपाध्यक्ष घोरपडबाईंचा वाढदिवस आदल्या आठवड्यात होऊन गेला होता, त्याच्या शुभेच्छा राहिल्या होत्या, त्या दिल्या. मग माझ्या आजोबांची एक आठवण सांगितली. ती कशाला सांगितली, ते आजतागायत मला कळलेलं नाही. शेवटी चांदण्यावर मी स्वतः केलेल्या चार ओळी म्हटल्या.

टकटक.

"वेळेची जाणीव करून दिल्याबद्दल," मी म्हणालो, "मी सुतारपक्ष्याचा आभारी आहे."

खालून गवा दबक्या आवाजात म्हणाला, "अरे, वाच ना ते!"

"आता मी मूळ मुद्द्याकडे वळतो," मी म्हणालो.

"बसा," कासव म्हणाले.

"अध्यक्षमहाराज, फक्त अर्धं मिनिट!"

कासव स्वभावाने चांगले. "बरं, अर्धं मिनिट," ते म्हणाले.

आणि मुलांनो, ते अर्धं मिनिट दिल्याबद्दल मी त्यांचे मनःपूर्वक आभार मानले. चांगलं अर्धं मिनिट मानले.

टकटक. मी बसलो. कागद पंजातच राहिला.

तरस उठले. "मला आनंद वाटतो," ते म्हणाले, "की ओढ्यापलीकडच्या सन्माननीय सभासदांनी या विधेयकावर एकही आक्षेप घेतला नाही."

मतदान आवाजी होतं. 'होय'च्या वेळी वडाची पानं थरथरली. 'नाही'च्या वेळी मी 'नाही' म्हणालो. पण सशाचा आवाज तो केवढा! शेजारच्याने विचारलं, "शिंकलात का?"

बाहेर उपाहारगृहात सगळ्यांनी मला घेरलं. "काय बोललात हो! वा!" खुद्द तरसांनी पाठ थोपटली. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दोन वाट्या दुर्वांची कोशिंबीर मी तिथेच उभ्याउभ्या खाल्ली. घरी येताना अर्ध्या वाटेवर मला भागूबाई आठवली.

तेव्हा जी लाज वाटली ना पोरांनो, ती अजून गेलेली नाही.

चार दिवस मी कोठडीकडे फिरकलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार? बातमी तिला पहारेकऱ्याने सांगितली. सहा पौर्णिमा. ती म्हणाली, "तोवर पिल्लं मला विसरतील." मग तिने ते दयेचं कलम वाचून दाखवायला सांगितलं. दोनदा सांगितलं.

आणि हत्यारं जमा करायला सुरुवात केली.

एकेक काटा दातांत धरायचा आणि उपटायचा. पाठीवरच्यांपर्यंत तोंड पोचत नव्हतं, तर ते भिंतीच्या फटीत अडकवून ओढायचे. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी पोलिसांनी जुडी बांधून पावती दिली आणि दार उघडलं.

मला मुंगूसकाकूंचा निरोप आला, "ताबडतोब या. पिल्लं ऐकत नाहीत."

मी पळतच गेलो. बिळाच्या तोंडाशी भागूबाई बसली होती. ओळखू आली नाही. अंगभर लालभडक, सोललेली. आतून दोन्ही पिल्लं पाठ वळवून, काटे फुलवून उभी होती आणि थरथर कापत होती. त्यांच्या दारात कुणीतरी अनोळखी प्राणी आला होता.

"भाऊ," भागूबाई मला म्हणाली. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. "मी हाका मारून दमले. माझा आवाजही बसलाय. तुम्ही सांगता का त्यांना?"

मी पुढे झालो. सवयीने मान वर झाली, घसा खाकरला, 'सर्वप्रथम' अगदी जिभेच्या टोकावर आलं. मी तिच्याकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"पोरांनो," मी म्हणालो, "ही तुमचीच आई आहे."

एवढंच. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

धाकटं पिल्लू हळूच पुढे आलं. त्याने तिचं नाक हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग त्याने एकदम तिच्या अंगावर झेप घेतली आणि त्याच्यामागून थोरल्याने. दोघं तिला घट्ट बिलगली. त्यांचे कोवळे टोकदार काटे तिच्या उघड्या अंगात रुतत होते. ती हूं की चूं करत नव्हती. उलट त्यांना आणखी जवळ ओढत होती.

मी थोडा वेळ थांबलो. मग निघालो. दुपारी अधिवेशनाचा समारोप होता आणि आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं.

तात्पर्य: सभागृहात उभं राहिल्यावर आभार मानायला कधीही विसरू नये. मुद्दा विसरला तरी चालतो, त्यावाचून आतल्या कुणाचं काही अडत नाही.