शेवटी नऊ नको

देवरे काकांना नऊ हा आकडा सहन होत नसे. घड्याळातला नव्हे, आजाराच्या कोडच्या शेवटी येणारा.

हे आधी नीट सांगायला हवं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घरचे फुलशेती करतात. सकाळी कॉलेज करून दुपारी मी नाशिकच्या एका रुग्णालयात रेकॉर्ड रूममध्ये काम करायचे. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. रुग्ण घरी गेला की त्याची फाइल आमच्याकडे यायची. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान जाड पुस्तकात शोधायचं आणि त्याचा कोड फाइलवर घालायचा. देवरे काका तिथले प्रमुख.

पहिल्याच आठवड्यात एका फाइलवर नुसतं ‘बॅक्टेरियल इन्फेक्शन’ लिहिलेलं होतं. पुस्तकात बघून मी ए ४९.९ घातला. काका सटाण्याकडचे, चिडले की अहिराणीवर यायचे.

“हाई काय शे?”

“जंतुसंसर्ग, काका.”

“कुठला जंतू?”

“ते लिहिलेलं नाही.”

“म्हणून नऊ लावून मोकळी झालीस! शेवटी नऊ म्हणजे, आम्ही विचारलंच नाही असं लिहून देणं.”

मग मला घेऊन ते डॉक्टरांना विचारायला वर गेले. त्यांना पाहून शिकाऊ डॉक्टर जिना बदलत. एकजण एक्स-रेच्या खोलीत शिरला. काका दाराबाहेर उभे. “साहेब, सावकाश या. मी थांबतो. जंतू काही थांबायचा नाही.”

कॅन्टीनच्या चहाला ते ‘के तीस’ म्हणायचे. तो अपचनाचा कोड. आणि दिवसातून दहादा त्यांचं एक वाक्य ठरलेलं: “कागदावर आहे? मग लिही. कागदावर नाही? मग आपल्याला माहीत नाही.”

चार वाजले की ते लॅबमध्ये जात. रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी असते, तिला कल्चर म्हणतात. तिला काही दिवस लागतात. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो आणि मागून आलेला रिपोर्ट पडून राहतो. असे रिपोर्ट ठेवायला काकांनी लॅबमध्ये एक ट्रे ठेवला होता. रिपोर्ट आणून ते फाइलला लावत. दिलेलं औषध त्या जंतूवर चालणारं नसेल, तर डॉक्टरांना दाखवून घोटीला, वणीला, पेठच्या पाड्यांवर स्वतः पोस्टकार्ड टाकत: ‘आपला रिपोर्ट आला आहे. औषध बदलायचे आहे. यावे.’ अक्षर एवढं मोठं, की दुसरीतल्या मुलालाही वाचून दाखवता यावं.

मग काकांनाच ताप आला. आमच्याच रुग्णालयात दाखल झाले. मी केसपेपर पाहिला. ‘बॅक्टेरियल इन्फेक्शन.’ एवढंच. इंजेक्शनं चालू होती, पण चार दिवस ताप हटेना. ते बोलायचेसुद्धा थांबले. त्यांना काही होईल, हा विचार तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आला.

सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. “यांचे नातेवाईक कोण? कोणी भेटायला आलेलं दिसत नाही.”

काका ग्लानीत होते. इंदिरानगरच्या खोलीला कुलूप लावून ते रिक्षानं एकटेच आले होते. मी फॉर्म घेतला आणि भरला.

“कल्चरचा रिपोर्ट?” मी भीत भीत विचारलं.

“नाही आला अजून.”

पाचव्या दिवशी चार वाजता मी लॅबमध्ये गेले. काका नाहीत, तर ट्रे कोण रिकामा करणार, एवढंच डोक्यात होतं. सगळ्यात वर काकांच्याच नावाचा रिपोर्ट होता.

“हा कधी आला?”

“कालच,” तिथला तंत्रज्ञ म्हणाला. “देवरे काकांचे कागद ट्रेमध्येच ठेवतो ना आम्ही. ते येतात न्यायला.”

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो स्टुलावर बसून राहिला.

टायफॉइड होता. चालू औषध त्या जंतूवर लागू पडणारं नव्हतं. मी धावत वर गेले. मोठ्या डॉक्टरांशी मी कधी आपणहून बोलले नव्हते. “सर, जंतूचं नाव आलंय,” एवढंच तोंडातून निघालं.

औषध बदललं. चौथ्या दिवशी ताप उतरला.

पुढच्या महिन्यात काका कामावर आले. कॉलर ढगळ झालेली, गळ्याला मफलर. त्यांची फाइल माझ्या टेबलावर होती. मी ए ०१.० घातला होता.

“शेवटी शून्य. छान,” ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसू लागले. “खालची ओळ रिकामी ठेवलीस. तिथे झेड ६०.२ लिही.”

मी पुस्तक उघडलं. झेड ६०.२: एकट्याने राहणे.

“लिही. खरं लिहायला कसली लाज?”

“कागदावर नाही, काका.”

“काय नाही?”

मी पहिलं पान काढून त्यांच्यापुढे ठेवलं. नातेवाईकाच्या रकान्यात माझं नाव होतं. नातं: पुतणी. खाली माझी सही.

फाइलवर खोटी नोंद त्यांनी कधी राहू दिली नव्हती. त्यांच्या खिशात लाल पेन होतं. मी वाट पाहत उभी राहिले.

त्यांनी चष्मा लावला, कागद नाकाशी नेला आणि सहीवरून बोट फिरवलं.

“सही नीट करत जा,” शेवटी ते म्हणाले. “आडनाव वाचता येत नाही.”

आणि फाइल त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केली.